कोंबड्यांचा खाऊ : फेब्रुवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

अंडी देणाऱ्या आठ कोंबड्या, एक खुराडं, त्याला लागून जाळीचं अंगण. मुख्य खाद्य तयार लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं भरडलेलं खाद्य : प्रथिनं १६ टक्के, कॅल्शियम ३.८ टक्के. काम एवढंच, की घरात उरणारी फळं, भाजीची देठं-सालं, दाणे आणि अळ्या यांचा खाऊ रोज देता यावा. पण अंडी घटू नयेत, कवच पातळ पडू नये आणि कुणाच्या गळ्याखालची, खाल्लेलं आधी साठवणारी पिशवी तुंबू नये. हेच काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून ही वही.

१२ फेब्रुवारी

पहिलं काम खुराड्याच्या दारावर ‘नको’ची पाटी लावण्याचं. खाऊ टाकणारे हात घरात अनेक, तोंडी सांगून भागत नाही. पाटीवर काय आहे आणि का आहे ते इथे.

अ‍ॅव्होकाडो बाद. साल, बी आणि पानांत पर्सिन नावाचं विष असतं, पक्ष्यांच्या हृदयावर जातं. गरात ते कमी असतं म्हणतात, पण साल-बी काटेकोर वेगळी करण्याची शिस्त रोज कोण पाळणार? राजमा, घेवडा यांचे सुके कच्चे दाणे नकोत. त्यातलं लेक्टिन चांगलं उकळल्याशिवाय मोडत नाही. हिरवट पडलेला बटाटा आणि त्याची सालं नकोत, टोमॅटोचा पाला नको. चॉकलेट, चहा-कॉफीचा चोथा नको. खारवलेलं काहीही नको, एवढ्याशा जिवाला जास्तीचं मीठ झेपत नाही. कांदा चुकून थोडा गेला तर धावपळ नको, पण नेमाने द्यायचा नाही. तांबड्या पेशी फुटतात. सफरचंदाच्या बियांतून सायनाइड तयार होतं. चार-दोन बियांनी कोंबडी मरत नाही, पण गाभा काढायला कितीसा वेळ लागतो, तो काढायचाच.

बुरशी आलेलं सगळं सरळ खड्ड्यात. ‘वरची बुरशी काढली की आतलं चांगलं असतं’ हे इथे लागू नाही, बुरशीचं विष दिसणाऱ्या डागापुरतं थांबत नाही. सडकं, चिकट झालेलंही तसंच. त्यातून बोट्युलिझम झाला तर कोंबडीची मान लुळी पडते आणि मग फार काही हातात राहत नाही.

१६ फेब्रुवारी

प्रमाण बसवायला घेतलं. ठरलेला नियम असा की खाऊ एकूण खाण्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे आठ जणींचं ८८० ग्रॅम आणि खाऊ ८८ ग्रॅम. काट्यावर ८८ ग्रॅम कलिंगड ठेवून पाहिलं. एक लहानशी फोड. एवढ्यावर आठ चोचींची मारामारी लावायची तर खाऊ न दिलेला बरा.

मग त्याच काट्यावर ८८ ग्रॅम मका ठेवला आणि नियम कुठे लागतो ते कळलं. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, कोरडा ऐवज जेमतेम सात ग्रॅम. मक्यात तोच ऐवज पंचाहत्तरच्या पुढे. वजन एकच, पण पोटात घेतलेली जागा दसपट. त्यात मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच आणि कॅल्शियम जवळपास शून्य.

हिशेब मांडला. ११० ग्रॅम मॅशमधून कोंबडीला सुमारे ४.२ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. त्यातल्या ३० ग्रॅम मॅशची जागा मक्याने घेतली की उरतं तीन ग्रॅम. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. म्हणजे भीती कलिंगडाची नाही, मूठभर दाण्यांची आहे. आणि मूठभर दाणे टाकताना आपण खाऊ टाकतोय असं कुणाला वाटतच नाही.

ठरलं : दाणे, बिया, पाव, भात असलं कोरडं-पिठूळ काट्यावर मोजून, कोंबडीमागे दहा ग्रॅमच्या आत. काकडी, कलिंगड, पालेभाजी यांना काटा नाही; पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच.

३ मार्च

खाऊ पोचतोय कुणाला? संध्याकाळी दांड्यावर बसल्यावर एकेकीच्या गळ्याखाली हात लावून पाहिलं. काळीची पिशवी लिंबाएवढी टणटणीत. तिच्या खालोखाल तांबडीची. लंगडी आणि भुरी यांच्यात फक्त मॅशचा मऊ गोळा. पपईचे तुकडे एकाच पसरट भांड्यात टाकत होतो. काळी भांड्यात उभी राहून खायची, बाकीच्या भोवती घिरट्या घालायच्या. सरासरी दहा ग्रॅम म्हणजे काळीला पस्तीस आणि लंगडीला काही नाही. कागदावरचं प्रमाण इथेच कोलमडतं.

भांडी दोनची तीन केली. उपयोग थोडाच, काळी तिन्ही भांड्यांवर फेरी मारते. शेवटी भांडीच बंद. फळ दोन तऱ्हांनी द्यायचं ठरलं. एक, बारीक चिरून अंगणभर फेकायचं, म्हणजे एकीला सगळीकडे पुरं पडता येत नाही. दुसरं, अख्खं किंवा अर्धं फळ खुंटीला खोचून ठेवायचं, त्यातून एका टोचणीत चिमूटभरच निघतं. मोठ्या फोडी सगळ्यांत वाईट : उचलून पळता येते, मागे सात जणी धावतात आणि फोड शेवटी मातीत लोळते.

१९ मार्च

कवचं पातळ पडली. दोन अंडी पेटीतच चेपलेली, एकाला कवचच नाही, नुसती कातडी. संशय आधी मॅशवर गेला. नवं पोतं उघडलं होतं. त्यात वेळ गेला : जुन्या पोत्यातली शिल्लक आठवडाभर वेगळी खायला घातली, फरक शून्य.

दोष वेळेचा निघाला. फळं सकाळी खुराडं उघडताच दिली जात होती, कारण घरातली न्याहारी तेव्हाच उरकते आणि सालं हातात असतात. रात्रभर उपाशी असलेली कोंबडी समोर येईल त्याने पिशवी भरून घेते. पाणीदार फळाने पिशवी भरली की मॅशकडे ती दुपारी वळते, आणि तेव्हाही निवडून खाते, भरड दाणा उचलते आणि कॅल्शियमची भुकटी तळाशी ठेवते. शिवाय मक्याची बरणी उघडी होती. मापाचे दहा ग्रॅम सकाळी जात होते आणि मुलांच्या मुठी दिवसभर.

तीन बदल :

सकाळी फक्त मॅश. फळं दुपारी तीननंतर, आणि मावळतीच्या तासभर आधी अंगण साफ.

मक्याची बरणी घरात. रोजचं माप सकाळी एका डबीत काढायचं. डबी रिकामी झाली की दिवस संपला. मुठी मारायची हौस असलेल्यांनी त्या डबीतूनच मारायच्या.

शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात, मॅशमध्ये मिसळून नाही. अंडं कवचाच्या पिशवीत वीसेक तास असतं आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा. रात्री कोंबडी खात नाही. भरड चुरा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री पुरतो, भुकटी तेवढी टिकत नाही. जिला लागतो ती घेते, जिला नको ती भांड्याकडे पाहतही नाही. मिसळून दिला तर हा निवाडा तिच्या हातात राहत नाही.

इथे एक घोटाळा टाळायचा. शिंपल्यांचा चुरा आणि ग्रिट या दोन वेगळ्या गोष्टी. चुरा विरघळतो. ग्रिट म्हणजे न विरघळणारी बारीक खडी; ती आतल्या दळणाऱ्या पोटात राहते आणि दात नसलेल्या कोंबडीचं दळणाचं काम करते. नुसत्या मॅशवर ग्रिट नसली तरी चालून जातं. सालं, पाला, दाणे सुरू केले की लागतेच.

३१ मार्च

कवचं पूर्ववत. उरलेल्या मॅशचं वजन रोज घेतोय : खाणं पुन्हा शंभर ग्रॅमच्या वर.

८ एप्रिल

बीट किसून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी खुराड्यात लालभडक विष्ठा. रक्ती हगवण समजून सगळ्यांना अडकवलं, पशुवैद्यांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न : काल काय खायला दिलं? बीट बंद करून एक दिवस थांबलो, रंग गेला.

कॉक्सिडिओसिस, म्हणजे खरी रक्ती हगवण, असता तर कोंबडी पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली असती, खाणं सोडलं असतं. इथे आठही जणी खुंटीवरच्या काकडीसाठी भांडत होत्या. तेव्हापासून पाटीवर काल काय दिलं ते खडूने लिहून ठेवतो. विष्ठेचा रंग वाचायला तेवढं पुरतं. आणखी एक : दर काही वेळांमागे येणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा आतड्याच्या आंधळ्या फाट्यांतून येते, ती आजार नव्हे. नवखे तिलाच घाबरतात.

२३ एप्रिल

ऊन वाढलं. दुपारी सगळ्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडवून उभ्या. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. आता पाणीदार फळाचं खरं काम सुरू.

कलिंगडाची अर्धी वाटी, काकडी, टोमॅटोचं पिकलं फळ. हे फ्रीजमध्ये गार करून दुपारी, एरवीच्या वेळेआधी. बर्फाच्या खड्यांत द्राक्षाचे अर्धुक गोठवून पाण्याच्या परातीत सोडले, हा प्रयोग पाहायला मजेचा, उपयोग बेताचा : कोंबड्या द्राक्ष सुटण्याची वाट पाहत बसल्या, पाणी प्यायल्या नाहीत. त्यापेक्षा पाण्याची दोन भांडी सावलीत ठेवून दुपारी पाणी बदलणं कितीतरी कामाचं. कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, उन्हात त्याच्या दुप्पटही.

कवचं पुन्हा थोडी पातळ. या वेळी फळांना दोष नाही. धापा टाकताना कर्बवायू जास्त बाहेर जातो, रक्तातला बायकार्बोनेट घटतो आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं त्याचा अर्धा कच्चा माल तुटतो. चुरा कितीही घातला तरी ही तूट भरत नाही. सावली आणि हवा हाच उपाय. मार्चमधलं पातळ कवच आणि एप्रिलमधलं पातळ कवच दिसायला सारखंच, म्हणून लिहून ठेवतोय.

पाणीदार फळाने विष्ठाही पाणीदार होते. ती हगवण नव्हे, जास्तीचं पाणी बाहेर पडतं. पण भुसा ओला झाला, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबू लागला. एक अख्खा रविवार भुसा उपसण्यात गेला. आता फळ खुराड्यापासून लांबच्या टोकाला, फरशीवर.

१४ मे

उरलेल्या सालींवर माश्या, आणि माश्यांमागोमाग रात्री उंदीर. जाळीखालून बीळ निघालं. बीळ बुजवून कडेने बारीक जाळी पुरली, कोपरभर खोल. कष्टाचं काम आणि खाऊ वेळेवर उचलला असता तर लागलंच नसतं. केळ्याची साल, लिंबू-संत्र्याची सालं कुणी खातच नाही. ती आता अंगणात येत नाहीत, थेट खतात जातात. लिंबूवर्गीय फळ विषारी नाही, पण कोंबडीला त्याची गरजही नाही, क जीवनसत्त्व ती स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते.

२९ मे

भुरीची पिशवी सकाळी भरलेली. हीच तपासणी सगळ्यांत महत्त्वाची : रात्री भरलेली पिशवी सकाळी खुराडं उघडण्याआधी रिकामी, सपाट हवी. भुरीची कणकेच्या गोळ्यासारखी, दाबली की खड्डा तसाच राहतो.

कारण दिसत होतं. गवत कापून त्याचा भारा अंगणात टाकला होता, वीतभर लांबीच्या काड्या. उगवतं गवत कोंबडी तोडून खाते, बोटभर तुकडा येतो. कापून टाकलेलं गवत ती अख्खं ओढून गिळते आणि पिशवीत त्याची गुंडाळी होते.

भुरीला वेगळं ठेवलं, खाद्य बंद, फक्त पाणी. कोमट पाणी ड्रॉपरने, मग पिशवी बोटांनी हलक्या हाताने चोळायची, दिवसातून चार-पाच वेळा. उलटं धरून पिशवी रिकामी करण्याचा उपाय अनेकजण सांगतात. तो केला नाही, पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी हातातच जाते. दुसऱ्या दिवशीही गोळा सैल होईना, म्हणून पशुवैद्यांकडे. त्यांनी मोकळी केली. नंतर काही दिवस भिजवलेला मॅश थोडा थोडा. तोंडाला आंबूस वास येतोय का हे रोज पाहत होतो, तुंबलेल्या पिशवीत बुरशी वाढते तेव्हा तो येतो. आला नाही.

या वहीतला सगळ्यांत महाग भारा हाच. गवत आता कात्रीने बोटाच्या पेराएवढं कापूनच. कोथिंबिरीच्या, पालकाच्या लांब देठांनाही तोच नियम. पालक तसाही अधूनमधूनच. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं.

२० जून

पावसामुळे दिवसभर खुराड्यात. तांबडीने लंगडीच्या शेपटीची पिसं उपटायला सुरुवात केली. कोबीचा गड्डा दोरीने टांगला, चोच जेमतेम पोचेल एवढ्या उंचीवर. दोन दिवस पुरला आणि पिसं टोचणं थांबलं. फार खाली टांगला तर बसल्या बसल्या तासाभरात फडशा पडतो. फार वर टांगला की उड्या मारणाऱ्यांचाच होतो.

१८ जुलै

बलकाचा रंग. गाजर रोज किसून दिल्याने बलक केशरी होईल ही अपेक्षा फोल. गाजरातलं बीटा कॅरोटीन कोंबडीच्या अंगात बहुतेक अ जीवनसत्त्वात बदलतं, बलकात फारसं उतरत नाही. उतरतं ते हिरव्या पाल्यातलं ल्युटीन, झेंडूच्या पाकळ्या, पिवळा मका आणि लाल मिरची. वाळक्या लाल मिरचीची पूड मॅशवर भुरभुरली. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. एक बलक बनायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आज पाला आणि उद्या केशरी बलक असं होत नाही. रंगाने पोषण वाढलं असं समजू नये. दिसायला छान, एवढंच.

गोडीचंही तसंच. कोंबडीत गोड ओळखणारा जनुक नाही. फळावर झडप पडते ती रंगासाठी, रसासाठी, मऊपणासाठी. उतरलेलं फिक्कट कलिंगड आणि साखरेसारखं कलिंगड दोन्ही सारख्याच वेगाने संपतात. गोड फळ घरच्यांनी खावं.

११ ऑगस्ट

गव्हाला मोड आणायचा कारखाना. रात्रभर भिजवून गाळणीत, दिवसातून दोनदा धुवायचं. पहिला घाणा पांढरी बुरशी समजून फेकला. ती मुळांची लव होती. ओळख अशी : लव पाणी घातल्यावर बसते आणि वास ताज्या गवताचा असतो; बुरशी चिकट, वास कोंदट, आणि धुतली तरी जात नाही. दमट हवेत पुढचा घाणा खरोखरच बुरसला, तो खड्ड्यात गेला. आता एका वेळी दोन दिवसांपुरताच गहू भिजवतो.

१६ सप्टेंबर

पिसं झडायला लागली, अंडी जवळपास बंद. पिसाचा बहुतेक भाग प्रथिनांचा, ८५ टक्क्यांच्या वर. या काळात फळांचा खाऊ निम्म्यावर आणला, मका बंद. त्याजागी वाळवलेल्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, कोंबडीमागे चमचाभर, आणि उकडून कुस्करलेलं अंडं. अळ्यांत प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास, पण चरबीही भरपूर, म्हणून चमचाच. मीलवर्म या दुसऱ्या जातीच्या अळ्यांत प्रथिनं जास्त, मात्र कॅल्शियम फारच कमी. वजनामागे अळ्या मॅशच्या कितीतरी पट महाग पडतात; वर्षभर परवडणारं नाही, पिसं येईपर्यंत ठीक.

नवी पिसं फुटताना कोंबडीला हात लावलेला सोसत नाही. पिशवीची तपासणी या दिवसांत लांबूनच.

२४ ऑक्टोबर

पांढरीने अजून एकाही फळाला चोच लावलेली नाही. अळ्या खाते, काकडीकडे पाठ. वजन चांगलं, पिसं सगळ्यांच्या आधी आली, म्हणून तिच्यामागे लागणं सोडलं.

अंडी परत सुरू. अळ्या बंद, दुपारचं फळ पूर्ववत. खुडूक बसलेली तांबडी खाली पिल्लं घेईल असं दिसतंय. पिल्लांना पहिले काही आठवडे फक्त स्टार्टर खाद्य. पुढे मऊ फळाची चव द्यायची तर आधी पिल्लांच्या मापाची बारीक ग्रिट. लेअर मॅश आणि शिंपल्यांचा चुरा त्यांच्या चोचीला लागू द्यायचा नाही, अंड्यावर येण्याआधी एवढं कॅल्शियम मूत्रपिंडावर जातं. म्हणजे पिल्लं बाहेर येण्याआधी अंगणाच्या मधोमध जाळीचं पार्टिशन. जाळी उंदरांच्या वेळची उरलेली आहे, खांब नवे लागतील.